पलटण सुटली, आता प्रकृतीचे काय?

आपला सातारा जिल्हा सैनिकांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. अपशिंगे गावाच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच कायमचा चिकटला आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. मुलगा भरती झाला की एस.टी. स्टँडवर त्याला हार घालायला अर्धे गाव जमते. हल्ली तो पेन्शन घेऊन परत येतो तेव्हाही उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो. मात्र मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाच्या प्रकृतीचे काय होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आजच्या लेखात आपण तोच करणार आहोत.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारी कचेरीतला कारकून किंवा शाळामास्तर साठीच्या आसपास निवृत्त होतो. फौजेतल्या जवानाचे तसे नसते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पस्तिशी-सदतिशीत घरी येतो. हवालदार चाळिशी ओलांडल्यावर येतो, तर सुभेदार पन्नाशीच्या आगेमागे. म्हणजे मुले अजून शाळेत, आईवडील थकलेले, घराचे बांधकाम अर्धवट, आणि स्वतःचे निम्मे आयुष्य पुढे शिल्लक! निवृत्ती हा शब्दच अशा माणसाला शोभत नाही. त्याला दुसरा डाव मांडायचा असतो. हा डाव मांडण्याची पहिली दोन वर्षे प्रकृतीच्या दृष्टीने नाजूक असतात, असे माझे इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमधील निरीक्षण आहे.

काय सुटते?

लोकांना वाटते, नोकरी सुटली आणि पेन्शन सुरू झाली, एवढेच. वास्तविक एका दिवसात चार गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे घड्याळ. पहाटेची पीटी, नाश्ता, परेड, संध्याकाळचे खेळ, रात्रीचा रोलकॉल, सारे वेळेवर. दुसरी म्हणजे शरीराची देखभाल. दुखलेखुपले की एम.आय. रूम आणि ठराविक काळाने सक्तीची तपासणी. तिसरी म्हणजे संगत. एका बॅरकमध्ये राहिलेली, एका लंगरात जेवलेली माणसे एकदम दुरावतात. चौथी म्हणजे ओळख. पलटणीत तो अमुक कंपनीचा नाईक किंवा हवालदार असतो. गावात सगळेच माजी सैनिक 'मेजर'! 'काय मेजर, काय चाललंय?' असे पारावर कोणी विचारले की उत्तर काय द्यावे, हेच कळत नाही, असे मला अनेकांनी सांगितले आहे.

या चारही गोष्टींचा शरीराशी थेट संबंध आहे. उठण्या-झोपण्याची वेळ बिघडली की झोप बिघडते. व्यायाम थांबतो, पण भूक तशीच राहते. तपासणी थांबली की वाढता रक्तदाब कळत नाही. आणि 'आता मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर माणूस चिडचिडा होतो किंवा बाटलीकडे वळतो. दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक माजी सैनिकांच्या तक्रारी लढाईतल्या जखमांच्या नसतात. त्या या रिकामपणातून आलेल्या असतात.

घरच्या घरी 'शेप' परीक्षा

सैनिकाची तंदुरुस्ती ज्या पद्धतीने ठरवतात तिला 'शेप' म्हणतात. एस म्हणजे मनाची स्थिती, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकंदर शरीरक्षमता आणि ई म्हणजे डोळे. 'शेप वन' असणे ही प्रत्येक जवानाच्या अभिमानाची गोष्ट. माझे सांगणे एवढेच की, पलटण सुटली तरी ही परीक्षा सोडू नका. दरवर्षी आपल्या वाढदिवसाच्या महिन्यात ती द्यावी. सोयीसाठी शरीराकडून सुरुवात करू.

पी : शरीर

सक्त कवायत करणारा जवान दिवसाला साडेतीन हजार किंवा त्याहून अधिक कॅलरी खर्च करतो. दुकानात किंवा पारावर बसणाऱ्या माणसाला दोन-सव्वादोन हजार पुरतात. जेवण थोडे कमी केले तरी रोज पाचशे कॅलरी जास्त झाल्या, तर कागदावर पंधरवड्याला जवळजवळ एक किलो चरबी साठते. प्रत्यक्षात वेग एवढा नसतो, पण दिशा तीच. त्यात चहा! आठ कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या साखरेच्याच तीनशेवर कॅलरी झाल्या. पाहुणचार म्हणून घरोघरी मिळणारा हा चहा 'मेजर'ना फार महाग पडतो.

बेंबीच्या पातळीवर टेप लावून पोटाचा घेर मोजावा. पुरुषांत तो ९० सें.मी. म्हणजे सुमारे ३५ इंचांच्या आत हवा. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्यावर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि फेरतपासणीतही तेवढीच आली, तर तो मधुमेह समजावा. रक्तदाब आणि मधुमेह सुरुवातीला बहुधा काहीही त्रास देत नाहीत. 'मला काही होत नाही, मी फौजी माणूस' हे म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे. वीस वर्षे केलेला व्यायाम बँकेतल्या ठेवीसारखा नसतो. तो थांबवला की काही महिन्यांत त्याचा फायदा ओसरू लागतो.

एच : कान

रायफलचा बार कानाजवळ १४० डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजांनी आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी अक्षरे निसटतात. मग माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. घरात टी.व्ही. मोठ्याने लागतो. नव्या नोकरीत साहेबाने हळू आवाजात सांगितलेले काम चुकते आणि 'मेजर लक्ष देत नाहीत' असा शेरा मिळतो. काहींच्या कानात अखंड शिटी वाजते, रात्री ती जास्त जाणवते. कानात तेल घालून यातले काहीही बरे होत नाही. कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी आणि यंत्र सांगितले तर लावावे. चष्म्याची लाज वाटत नाही, मग यंत्राची का वाटावी?

ए : हातपाय

ओझे पाठीवर घेऊन डोंगर चढलेले गुडघे आणि कंबर चाळिशीत बोलू लागतात. येथे दोन टोके टाळावीत. दुखते म्हणून सगळे बंद करणे हे एक टोक. दोन वर्षे काही न करता एके दिवशी भरतीच्या मुलांबरोबर पाच किलोमीटर धावणे हे दुसरे. रोज पाऊण तास झपझप चालणे, मांडीचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजनावर ताबा, हे मधले टोक सर्वांत चांगले. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा आला, पायाची ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबू नये. ज्यांना बर्फाळ प्रदेशात हिमदंश झाला होता, त्यांची बोटे थंडीत पुढेही त्रास देतात. त्यांनी तंबाखू आणि विडी-सिगारेट पूर्ण सोडावी.

ई : डोळे

येथे थोडक्यात सांगतो. चाळिशीला जवळचा चष्मा लागणे स्वाभाविक आहे. मधुमेह असेल तर मात्र वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासलाच पाहिजे.

एस : मन

परीक्षेतला पहिला विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

नव्या जीवनात रुळायला काही महिने लागणे, जुन्या मित्रांची आठवण येणे, कधी उदास वाटणे, हा आजार नाही. पण सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, झोप आणि भूक गेली, 'आपला काही उपयोग नाही' असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर औषधे आहेत आणि ती गुण देतात.

काही जवानांनी चकमकी पाहिलेल्या असतात, सोबती डोळ्यांदेखत गमावलेले असतात. त्यांना वर्षांनंतरही तेच प्रसंग स्वप्नात दिसतात. दिवाळीत फटाका वाजला की अंग थरथरते, गर्दीत पाठ भिंतीला लावून उभे राहावेसे वाटते, किरकोळ कारणावरून संताप अनावर होतो. पहिल्या महायुद्धात या प्रकाराला 'शेल शॉक' म्हणत. हा भेकडपणा नव्हे. हा मनाला झालेला आघात आहे. मोडलेल्या हाडासारखेच त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे, ही समजूत आता सोडली पाहिजे. ज्यांना समोर जायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते.

एक महत्त्वाची सूचना. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी अनेक माजी सैनिकांकडे परवान्याची बंदूक असते. घरातला माणूस उदास असेल, पीत असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर ती बंदूक त्या काळात घरात असू नये. माझ्या एका पेशंटच्या पत्नीने नवऱ्याची ही लक्षणे ओळखली आणि त्याच्या थोरल्या भावाला बोलावून घेतले. भावाने गोडीगुलाबीने समजूत घालून बंदूक रीतसर पोलीस ठाण्यात जमा करवली आणि दुसऱ्या दिवशी दोघे त्याला घेऊन तज्ज्ञांकडे गेले. सहा महिन्यांनी तो माणूस कामावर होता. तो मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्या रात्री ती घरात असती तर आज मी नसतो." असे बोलणे कोणी केले तर 'नुसतेच बोलतोय' म्हणून सोडून देऊ नका.

बाटलीचा हिशेब

कँटीनचा कोटा हा चेष्टेचा विषय असतो, पण दवाखान्यात तो चेष्टेचा राहत नाही. युनिटमध्ये पिण्यालाही वेळ आणि मर्यादा असते. दुसऱ्या दिवशी पहाटे फॉल-इन असतो, वर साहेब असतो. घरी यांतले काहीच नाही. संध्याकाळचा पेग दुपारवर येतो आणि मग सकाळवर. यकृत, रक्तदाब, झोप, संसार यांपैकी काहीही त्यातून सुटत नाही. झोप यावी म्हणून पिणाऱ्यांना तर मी आवर्जून सांगतो की दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर मोडते.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एकाएकी बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. सोडायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

रात्रपाळीची नोकरी

बँक, ए.टी.एम., कारखाना येथे पहाऱ्याची नोकरी चटकन मिळते. ती मानाचीच आहे. पण बारा-बारा तासांची रात्रपाळी शरीराच्या निसर्गक्रमाविरुद्ध असते. कामावर जाण्यापूर्वी पोटभर जेवावे आणि रात्री हलकेच खावे. पहाटे तीननंतर चहा नको. घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत सात तास झोप घ्यावी आणि तेवढा वेळ घरच्यांनी मोबाईल आणि पाहुणे दूर ठेवावेत. पेंगुळलेल्या डोळ्यांनी मोटारसायकल चालवू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी रात्रपाळी लागताच वेळा डॉक्टरांना विचारून बदलाव्यात.

काम हेच औषध

पेन्शन पोट भरते, पण दिवस भरत नाही. सकाळी उठून कोठेतरी जायचे आहे, आपली कोणीतरी वाट पाहत आहे, ही भावना माणसाला सावरते. म्हणून मी माजी सैनिकाला गोळ्यांच्या चिठ्ठीआधी विचारतो, "काम काय करता?"

अण्णा हजारे यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सैन्यात ते वाहनचालक होते. गावाचे काम करायचे त्यांनी आधीच ठरवले होते, पण पेन्शनला लागणारी पंधरा वर्षे पुरी करूनच ते १९७५ साली नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीला परतले. तेव्हा त्यांची चाळिशीही आली नव्हती. स्वतःच्या पैशाने देवळाची दुरुस्ती करण्यापासून त्यांनी सुरुवात केली. मग दारूबंदी आणि पाणलोटाची कामे उभी राहिली. त्यांच्या पुढच्या राजकीय चळवळींविषयी मते काहीही असोत, पोटाची सोय आणि पुढचे काम दोन्ही नक्की करून घरी येणे, ही शिकण्याची गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. बॉक्सिंग संपले. उपचारातील व्यायाम म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीही केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जे गेले ते गेले, उरलेल्यातून काय करता येईल, असा त्यांनी विचार केला असला पाहिजे. सगळ्यांना पदक मिळणार नाही, पण हा विचार सर्वांना करता येतो.

आपल्याला काय येते याची यादी करावी. फौजेत गाडी चालवलेला स्कूलबस चालवू शकतो. क्लार्क होता तो बँकेत किंवा पतसंस्थेत बसू शकतो. लंगरातला स्वयंपाकी खानावळ काढू शकतो. नर्सिंग असिस्टंट रुग्णालयात उपयोगी पडतो. पीटीचा उस्ताद गावातल्या मुलांना भरतीसाठी तयार करू शकतो. यात त्याचा स्वतःचाही व्यायाम होतो! केंद्राच्या नोकऱ्यांत गट 'क'मध्ये १० टक्के आणि गट 'ड'मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे प्रशिक्षणवर्गही मिळतात. शेवटचे वर्ष नुसते सुट्टीची वाट पाहण्यात घालवू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रजेवर असतानाच एक फेरी मारावी.

घरच्यांसाठी दोन शब्द

एक भगिनी मला म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांची रजा संपतच नाही असं वाटतंय बघा." त्या हसत म्हणाल्या, पण त्यात दुःख होते. पंधरा-वीस वर्षे त्यांनी शेत, बँक, मुलांच्या शाळा, सासूसासऱ्यांचे आजारपण, सारे एकटीने सांभाळले. नवरा वर्षातून महिना-दोन महिने पाहुण्यासारखा येई. आता तो कायमचा आला आणि आल्या आल्या हुकूम सोडू लागला. मुलगा दहावीत. त्याला पहाटे साडेचारला उठवून पीटी! घरात भांड्याला भांडे लागू लागले.

माजी सैनिकांना माझी विनंती आहे, घर ही पलटण नाही. पहिले सहा महिने हुकूम कमी आणि विचारपूस जास्त ठेवा. घरातले एखादे काम पूर्णपणे आपल्याकडे घ्या, मग ते दूध घालणे असो, आईची औषधे असोत की मुलाचा अभ्यास असो. आणि घरच्यांनीही 'दिवसभर घरातच बसतात' असे टोमणे मारू नयेत. त्यालाही या घरात आपली जागा नव्याने शोधायची आहे.

हे सारे आता तरुणांनाही लागू होणार आहे. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आहे. त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के मुले पुढे कायम होतात. बाकीची बाविशी-पंचविशीत एकरकमी सेवानिधी घेऊन घरी येतात, त्यांना पेन्शन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात. शरीर धडधाकट, हातात मोठी रक्कम आणि पुढे काय ते ठाऊक नाही, अशा वयात घरच्या वडीलधाऱ्यांचा आधार फार मोलाचा ठरेल. 'कायम का नाही झालास?' हा प्रश्न त्यांना विचारू नये, ही सर्वांना कळकळीची विनंती.

पहिल्या सहा महिन्यांत एवढे करा

१. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत कान, कंबर, झोप याविषयी असलेली प्रत्येक तक्रार नोंदवून घ्या. अभिमानापोटी लपवू नका. नंतर ती सिद्ध करणे अवघड जाते. सर्व कागदांच्या प्रती घरी जपून ठेवा.

२. माजी सैनिकांची ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिचे कार्ड स्वतःचे, पत्नीचे आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही काढून घ्या. साताऱ्यात तिचे पॉलिक्लिनिक आहे.

३. उठण्याची आणि झोपण्याची वेळ पहिल्या दिवसापासून ठरवा. पहाटे पाचऐवजी सहा चालेल, पण रोज एकच.

४. आठवड्यातून किमान पाच दिवस व्यायाम करा आणि जेवणातली भाकरी कामाच्या मानाने ठेवा.

५. वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, साखर एका वहीत लिहा. दर सहा महिन्यांनी पुन्हा लिहा.

६. आठवड्यातून एकदा तरी जुन्या सोबत्याशी बोला. मन मोकळे करायला त्याच्याइतके योग्य माणूस दुसरे नाही.

७. सहा महिन्यांच्या आत कोणते तरी काम धरा. पगार कमी असला तरी चालेल, रिकामे राहू नका.

फौजेत असताना तुमच्या शरीराची काळजी सरकार घेत होते, कारण ते शरीर देशाच्या कामाचे होते. आज ते तुमच्या मुलाबाळांच्या आणि गावाच्या कामाचे आहे. या आठवड्यातच जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला.